तव्यावरची भाकर

दिवाळीच्या अंकात खाण्यापिण्याविषयी लिहायचे म्हटले, की अनारसे, चकल्या आणि चिरोटे हे तिघे दारात येऊन उभेच राहतात. त्यांचा मान मी जाणतो. पण वाचकहो, यंदा त्या तिघांना घटकाभर ओसरीवर बसवून मी तुम्हांला थेट आत, स्वयंपाकघरात नेणार आहे, आणि तुमच्या पुढ्यात वाढणार आहे ती ज्वारीची साधी भाकर. भाकरी नव्हे, भाकर. आमच्या वऱ्हाडाकडे तिच्या डोक्यावर शेवटची वेलांटी चढवीत नाहीत. जी वस्तू रोज दोन वेळा लागते, तिचे नाव आटोपशीर असलेलेच बरे.

आमचे बाभुळगाव हे यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. बेंबळा नदीवर ज्या धरणाचे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, ते आमच्याच तालुक्यात आहे. पावसाळा सरला आणि अश्विनाचे ऊन पडू लागले, की आमच्या गावाचे रूप पालटते. सोयाबीनच्या मळणीचा धुरळा उडू लागतो, पऱ्हाटीवर बोंडे तडकू लागतात, आणि पहिल्या वेच्याच्या आधी बायामाणसे शेतात सीतादही करतात. बाजारात सीताफळांच्या आणि शिंगाड्यांच्या पाट्या येऊन बसतात. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, इतकी स्वस्त होते की भाजीवाली ती न मागता पिशवीत कोंबते. भूक लागायला ह्याहून चांगला ऋतू नाही.

तर गोष्ट आहे २०२३ सालची. भाद्रपद संपत आला होता. आमच्या सौभाग्यवती सकाळी अंगणात सडा घालायला गेल्या, शेवाळलेल्या फरशीवरून त्यांचा पाय सरकला आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातले आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही, असे बजावले. मी बोटांवर हिशेब केला. म्हणजे कोजागिरी गेली, दिवाळी गेली, प्लॅस्टर निघणार ते भाऊबिजेनंतर!

नागपूरची लेक धावत आली. पण तिच्या मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या. चौथ्या दिवशी पिशवी भरताना ती म्हणाली, "बाबा, पोळ्या करायला एखादी बाई लावून देते." आणि मी, वाचकहो, ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून, पेपरातून डोके वर न काढता म्हणालो, "बाई कशाला? दोन माणसांचा तर स्वयंपाक. मी बघतो."

लेकीने आईकडे पाहिले. आईने छताकडे पाहिले.

मी ३४ वर्षे शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला आहे. चहा मला येत होता. कुकरला किती शिट्ट्या झाल्या हे मोजण्याचे कामही मी आजवर चोख केले होते, अर्थात ओसरीवरून. ह्या शिदोरीवर मी स्वयंपाकघरात शिरलो. ही एका खुर्चीत बसली, हात गळ्यातल्या झोळीत, आणि तोंडाने सूत्रे सांगू लागली. वरण जमले. भातही जमला, पहिल्या दिवशी तो जरा आसट झाला तेव्हा आम्ही त्याला खिचडी म्हटले. वांगी विस्तवावर भाजून, सोलून, त्यांत हिरवी मिरची, सांबार, दाणे आणि कच्चे तेल घालून भरीत केले, तर तेही बरे साधले. बेसनात गुठळ्या झाल्या, पण त्या चवीला वाईट नव्हत्या.

भाकर मात्र माझ्या हाताला येईना.

मी उंडा परातीत घेऊन थापायला लागलो की त्याला चारी बाजूंनी चिरा जात. उचलायला गेलो की अर्धी हातात नि अर्धी परातीत. जी कशीबशी तव्यावर पोचे, तिला आकार म्हणून नसे. एकदा श्रीलंका झाली, एकदा दक्षिण अमेरिका. मी ते कौतुकाने दाखवले, तेव्हा ही म्हणाली, "भूगोल झाला. आता भाकर करा."

शेजारच्या आजीबाई कुंपणावरून रोज डोकावत. "काऊन जी गुरुजी, आज तुमीच सयपाक करून रायले का?" हा प्रश्न त्यांनी पंधरा दिवस रोज विचारला. उत्तर ठाऊक असतानाही विचारला.

मग एके दिवशी हिने मला नीट शिकवायला घेतले. गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो, तो तिला लाटले तरी धरून ठेवतो. ज्वारीत तो नाही. म्हणून पाणी उकळते हवे. आधणाच्या पाण्याने पिठाचा थोडा भाग शिजल्यासारखा होतो आणि तोच बाकीच्या पिठाला धरून ठेवतो. पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी जाते, मग तुम्ही कितीही मळा, भाकर चिरणारच. माझ्या डब्यातले पीठ महिन्याचे होते! दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर जाऊन दोनच किलो ताजे दळून आणले. उंडा तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचा, तो लोण्यासारखा मऊ झाला की मग थापायला घ्यायचा. थापताना बोटे कडेला, तळवा मध्ये, आणि परात नव्हे, भाकरच फिरली पाहिजे. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आले, पण पुरते सुकले नाही, अशा वेळी ती उलटायची. उशीर झाला तर तडे जातात आणि वाफ निसटते. आतली वाफ कोंडली गेली तरच पापुद्रा सुटतो आणि भाकर फुगते.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारले.

"बहात्तरच्या दुष्काळानं," ही म्हणाली.

१९७२ साली ही पंधरा वर्षांची होती. घरची ज्वारी संपलेली, आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे, मिलो म्हणत तिला. तिला ना विरी, ना चव. हिची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळलेली. सात माणसांच्या भाकरी हिच्यावर पडल्या. "मिलोची भाकर ज्याला थापता आली," ही म्हणाली, "त्याला जगातली कोणतीही भाकर थापता येते. तुमच्या हातात तर मालदांडी आहे. रडता कशाला?"

ही मालदांडीही एक गंमतच आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे खरिपाला कापूस, तूर आणि ज्वारी अशी तिघींची वस्ती असे. कणसे दाण्याला, कडबा बैलाला. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, तेव्हा उत्पन्न वाढले, म्हाताऱ्यांनी चवीवरून नाके मुरडली, तरी ज्वारी शेतात राहिली. पुढे तीन-साडेतीन महिन्यांत पैसा हाती देणारे सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कापूस आला. ट्रॅक्टर आले तसे बैल गेले, बैल गेले तशी कडब्याची गरज गेली. पाखरे आणि रानडुकरे ह्यांच्यापासून रात्रंदिवस राखण करायला माणूस मिळेना. अश्विनात पाऊस लांबला की कणसावर दाणा काळा पडे, ते वेगळेच. शेतकऱ्याने ज्वारी सोडली ह्यात त्याला दोष देण्यासारखे मला काही दिसत नाही. पण परिणाम असा, की आता बाभुळगावात बसून मी दुकानातून जी ज्वारी आणतो ती सोलापूरकडची असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्या वर्षी मी भाकर थापायला शिकलो, एवढी भर मीही घातली.

असो. हे सारे चालले असताना आमच्या आळीत भुलाबाई बसल्या होत्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली भुलोबा-भुलाबाईची मातीची जोडी मांडतात. शंकर-पार्वतीचेच हे रूप. संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांच्यापुढे टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. घरचे माणूस झाकणाचा डबा वाजवून दाखवते. मुली विचारतात, गोड की तिखट? तळलेली की भाजलेली? ओळखल्याखेरीज डबा उघडत नाही.

आमच्या पाळीच्या दिवशी डबा वाजवायला मी उभा राहिलो. आत भाजलेले फुटाणे आणि गुळाचे बारीक खडे होते, कारण मला त्यापलीकडे काही येत नव्हते. मुलींनी ते दुसऱ्याच दमात ओळखले. त्यांतली एक, असेल आठ-नऊ वर्षांची, फुटाणे चावता चावता म्हणाली, "आजोबा, आता तुमची पाळी. आजीला सगळ्यांत जास्त काय आवडतं, ते ओळखा."

"पुरणाची पोळी," मी तत्काळ म्हणालो.

ही खुर्चीत बसून खुदकन हसली. "ती सासूबाईंना आवडायची."

मुलींना खेळ सापडला. "आजोबा चुकले! दुसरं सांगा!"

"वडाभात."

"तो धाकट्या भावजींचा."

"पाटोडीचा रस्सा?"

"तो मुलाचा. पुण्याहून यायचा तर आठ दिवस आधी निरोप धाडायचा."

"सांबारवडी."

"ती लेकीची."

"मग वांग्याचं भरीत!" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"अहो," ही म्हणाली, "ते तुमचं."

मुली टाळ्या पिटीत पुढच्या घरी गेल्या. मी रिकामा डबा घेऊन आत आलो. भांडी विसळता विसळता पुन्हा विचारले, "मग तुला काय आवडतं?" ही म्हणाली, "मला सगळंच आवडतं. नळ बंद करा, पाणी वाया चाललंय."

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. आमचे लग्न १९७९ सालचे. म्हणजे तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. हिला कुणाचे काय आवडते, कुणाला काय चालत नाही, कोणत्या पाहुण्याला चहात साखर किती, हे सारे तोंडपाठ. शाळेच्या हजेरीपटावरची दर वर्षीची साठ-साठ मुलांची नावे मी पाठ केली, आणि जिच्या हातचे दोन्ही वेळा जेवलो तिची आवड मला सांगता येईना. बरे, हे मी विसरलो असेही नव्हते. मी विचारलेच नव्हते.

कोजागिरीला मी मनात धरून बसलो होतो की दूध तरी हिच्या आवडीचे आटवू. तर त्या वर्षी नेमके कोजागिरीलाच चंद्रग्रहण. २८ ऑक्टोबरची रात्र. एक वाजून गेल्यावर ग्रहण लागायचे आणि त्याचे वेध म्हणे दुपारपासूनच. आळीत दुधाचे काय करावे ह्यावर मोठी चर्चा झाली. हिने निकाल दिला, "शास्त्रात आजारी माणसाला सूट आहे. मी प्लॅस्टरात आहे आणि तुम्ही माझे हात आहात. आटवा दूध." आम्ही साडेनऊलाच अंगणात खुर्च्या टाकल्या, वेलदोडा घातलेले दूध प्यालो, आणि चंद्राला कुणाची नजर लागायच्या आत झोपलो. दूध हिने आवडीने घेतले. पण "हेच का ते?" असे विचारल्यावर मान हलवली. नाही.

आता मला त्याचा नादच लागला. मी रोज एक नाव घेई. आंबाडीची भाजी? कढीगोळे? रोडगे? प्रत्येक वेळी त्या पदार्थाचा मालक दुसराच कुणी निघे. कुणी हयात, कुणी कधीच गेलेला. हिच्या स्वयंपाकघरात सर्वांची नावे घातलेली भांडी होती आणि हिच्या नावाचे एकही नव्हते.

वसुबारस आली. नोव्हेंबरची नऊ तारीख. सकाळी हवेत जरासा गारवा होता. मी जवस कढईत तडतडेपर्यंत भाजले, सुक्या मिरच्या, लसूण, जिरे आणि मीठ घालून चटणी कुटली. ती आता मला उत्तम येऊ लागली होती. मग पीठ मळले. पहिली भाकर थापली. कशी कोण जाणे, त्या दिवशी चिरली नाही. पाण्याचा हात फिरवला, वेळेवर उलटली, मग सराट्याने काढून विस्तवावर धरली, आणि वाचकहो, ती फुगली! काठापासून काठापर्यंत, सनईवाल्याच्या गालासारखी टम्म फुगली. मी ओरडलोच. ही घाबरून उठून आली. तिला वाटले मी भाजलो.

"पाहिलं का?" मी म्हणालो.

"पाहिलं. ठेवा टोपलीत फडक्याखाली. बाकीच्या होऊ द्या, मग बसू दोघं."

टोपलीकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण ही जेवायला बसलेली आहे आणि तव्यावरून उतरलेली भाकर हिच्या ताटात पडते आहे, असे चित्र मला आठवेना. माझ्या ताटात पडलेली आठवते. मुलांच्या आठवतात, पाहुण्यांच्या आठवतात. हिची भाकर नेहमी टोपलीतली, सर्वांचे झाल्यावरची, कधी वाफ धरून ओली झालेली, कधी गार, काठ कडक झालेली.

मी ताट घेतले, भाकर त्यात ठेवली, पापुद्रा फोडला तशी वाफ वर आली. त्यावर जवसाची चटणी आणि कच्च्या तेलाची धार घातली. ताट खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवले आणि म्हणालो, "खा. आत्ता. मी दुसरी टाकतो."

"अहो, तुमचं—"

"माझं नंतर."

तिने डाव्या हाताने पापुद्रा मोडला. मी तव्याकडे वळलो, कारण दुसरी भाकर टाकायची होती, आणि दुसरेही एक कारण होते. बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. दुसरी भाकर उलटून मी पाहिले, तर ताटात अर्धीच भाकर उरली होती आणि ही खाली मान घालून खात होती. डोळे पाणावले होते. जवसाच्या चटणीत मिरच्या जास्त झाल्या असाव्यात, असे मी तेव्हा समजलो, किंवा समजल्यासारखे केले.

"हीच," ती म्हणाली.

"काय हीच?"

"तुमची खिरापत. ओळखलीत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आई बरी असली की चुलीपाशी बसवून अशी द्यायची. लग्नानंतर नाही मिळाली. कशी मिळणार? करणारीला तव्यावरची मिळत नसते. कुणी मुद्दाम ठरवून केलेलं नाही हो. होतं तसं."

कुणी मुद्दाम केलेले नाही हे खरे. पण माझ्याही हे कधी ध्यानात आले नाही, हेही तितकेच खरे, आणि ते तिच्या हात मोडण्याने ध्यानात यावे ह्याची खंत मला आजही आहे.

त्या दिवाळीत आमच्याकडे फराळ लेकीने नागपुराहून आणला. भाऊबीज झाली, प्लॅस्टर निघाले. मनगट जुळले, पण पहिल्यासारखा जोर त्यात राहिला नाही. पीठ रगडले की दुखते. म्हणून तेव्हापासून भाकरीचे खाते माझ्याकडे आहे. पोळ्या ती करते, कारण माझ्या पोळ्या अजून भूगोलातच आहेत. संध्याकाळी मी तव्यापाशी उभा राहतो, ती आधी जेवते, मग ती माझ्यासाठी एक टाकते आणि मी गरम गरम खातो. म्हणजे आता दोघांनाही तव्यावरची मिळते, आणि टोपली माळ्यावर गेली आहे.

शेजारच्या आजीबाईंनी प्रश्न विचारणे सोडून दिले. उलट एकदा त्यांनी आपल्या मुलाला कुंपणापाशी आणून उभे केले आणि मी काय करतो ते पाहायला लावले. तो पाच मिनिटे उभा राहिला आणि मोबाइल वाजताच निघून गेला. पण पाच मिनिटे उभा राहिला.

वाचकहो, दिवाळीच्या धामधुमीत चकल्या तळणारी, करंज्या मुरडणारी तुमच्या घरातली बाई शेवटी जेवायला बसेल, तेव्हा तिच्या ताटात काय गरम पडते ते एकदा पाहा. तिला काय आवडते हे विचारलेत तर "मला सगळंच आवडतं" असे उत्तर मिळेल. त्यावर विसंबून राहू नका. मी चव्वेचाळीस वर्षे विसंबून होतो.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी हिला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, "ठीक आहे. पण खरं तेवढं लिहा. कालच्या भाकरीला तुम्ही पाण्याचा हात जास्त लावला होता."